‘त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला?’ : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आठ वर्षं माझं बीपी १५०-१६० च्या आसपास आहे. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, रंकाळ्यावर रोज फिरतो. परवा डॉक्टर म्हणाले, “तुमच्या शिरा जाड झाल्यात.” त्रासच नाही तर जाड कशा होतील?
– निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : सर, आधी एक दुरुस्ती. जाड होतात त्या धमन्या. शिरा रक्त हृदयाकडे परत आणतात, तिथे दाब अगदी कमी असतो. दवाखान्यात आम्ही सगळेच सरसकट ‘शिरा’ म्हणतो, तो भाग वेगळा.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आत जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर, मधे स्नायू आणि लवचिक तंतू, बाहेरून आधार देणारं वेष्टण. या भिंतीवर किती ताण येतो हे आतला दाब, नळीची त्रिज्या आणि भिंतीची जाडी यांवर ठरतं. दाब उतरवणं धमनीच्या हातात नाही, म्हणून ती उरलेल्या दोन गोष्टी बदलते : भिंत जाड करते, पोकळी अरुंद करते. बारीक धमन्यांत तर बहुतेकदा नवा माल फारसा लागतही नाही. आहेत त्याच स्नायुपेशी लहान पोकळीभोवती नव्याने रचल्या जातात. धमनीपुरता हिशेब सुटतो आणि तुम्हाला काही जाणवत नाही ते म्हणूनच.

बाकीच्या शरीराला मात्र हा हिशेब महागात पडतो. रक्ताच्या वाटेतला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या नुसती १० टक्के घटली तरी अडथळा साधारण दीडपट होतो. अडथळा वाढला की दाब चढतो, दाब चढला की भिंत पुन्हा जाड. हे चक्र तुमच्यात आठ वर्षं फिरतंय. मेंदूच्या आतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक धमन्या यात आधी सापडतात. फिरणं सोडू नका, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घ्या. काहीही न कापता रक्तवाहिन्या उघड दिसतात त्या तिथेच. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) किती जातंय तेही बघा.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या. वरचं बीपी १७०, खालचं ७०. शेजारच्या काकू म्हणतात, खालचं कमीच आहे, गोळी बंद करा. काय करावं?
– एक सूनबाई, कागल

उत्तर : बंद करू नका. काकूंना ज्यात दिलासा वाटतोय, तीच काळजीची खूण आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि हृदय सैल पडलं की आवळून रक्त पुढे ढकलते. त्यामुळे वरचा आकडा फार चढत नाही, खालचा फार पडत नाही. हे काम करतात इलॅस्टिनचे तंतू. ते बहुतेक लहानपणीच तयार होतात, नंतर नवे जवळजवळ येत नाहीत. सासूबाईंच्या हृदयाचे आजवर अडीचशे कोटींहून जास्त ठोके झाले असतील. तेवढ्या ताणात हे तंतू तुटतात, वाढलेल्या दाबाने लवकर तुटतात, आणि त्यांच्या जागी कोलॅजनचे ताठ तंतू भरतात. बांधावर उन्हात पडून कडक झालेला रबरी पाइप हाताने दाबून बघा, मग कळेल.

अशी धमनी फुगत नाही, म्हणून वरचं चढतं. आवळत नाही, म्हणून खालचं उतरतं. मधलं १०० चं अंतर हेच सांगतंय. नाडीची लाट तरुण धमनीत सेकंदाला ५-६ मीटर जाते, ताठ धमनीत १० मीटरच्या पुढे. टोकाला आपटून ती लवकर परतते आणि हृदय आकुंचन पावत असतानाच त्यावर उलटा भार टाकते.

काकूंच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः तो सैल असताना मिळतं, म्हणून खालचं फार पाडूनही चालत नाही. औषध हळूहळू वाढवावं लागतं. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.

प्रश्न : मी तालमीत जातो. वजन मारताना बीपी वाढतं म्हणे. मग माझ्याही धमन्या जाड होणार का?
– २२ वर्षांचा पैलवान, गंगावेश

उत्तर : श्वास कोंडून भारी वजन मारताना वरचं बीपी क्षणभर ३०० च्याही पुढे जाऊ शकतं. पण ते लगेच उतरतं. भिंत बदलते ती दिवसरात्र, महिनोन्‌महिने चढून राहिलेल्या दाबाने. जोर लावताना श्वास सोडत जा. कुणी ‘ताकदीचं’ इंजेक्शन देऊ केलं तर मात्र हात जोडा. स्टेरॉइडने बीपी खरंच चढून बसतं.

प्रश्न : औषधाने जाड झालेली भिंत पुन्हा पहिल्यासारखी होते का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बारीक धमन्यांची बरीच सुधारते, पण त्याला महिने, कधी वर्षही लागतं. अँजिओटेन्सिन हे शरीरातलं रसायन भिंतीचे स्नायू स्वतःच वाढवतं. त्याला अडवणाऱ्या गोळ्यांनी ही सुधारणा दिसली, तर दाब तेवढाच उतरवूनही ॲटेनोलॉल या बीपीच्या दुसऱ्या प्रकारच्या गोळीने ती दिसली नाही. हे वाचून गोळी स्वतःच बदलू नका, डॉक्टरांना विचारा. मोठ्या धमनीतलं तुटलेलं इलॅस्टिन मात्र परत जुळत नाही. म्हणून आठवडाभर आकडा १२० आला की गोळी सोडणाऱ्यांवर मी ओरडतो.

प्रश्न : तांबडा बंद करून पांढरा रस्सा चालेल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तिखटाला उगाच बदनाम करता. अडचण मिठाची आहे. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही. त्यात लोणचं, पापड, खर्डा, फरसाण सगळं आलं. आणि मीठ पांढऱ्यातही असतंच की.