कॉकटीलचे पंख कापावेत का? (बडोदा, तिसरा मजला, उत्तरायण तोंडावर)

नका कापू. आत्ता तर नकोच.

तुम्ही लिहिलंय की कॉकटीलचं (म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं) पिल्लू तीन महिन्यांचं आहे, उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, घर पाहुण्यांनी भरणार, 'उडून गेलं तर?' म्हणून सासूबाई मागे लागल्यात आणि दुकानदार फुकटात कापून द्यायला तयार आहे. सासूबाईंची काळजी रास्तच आहे. पण कापल्याने ती मिटत नाही. कॉकटील म्हणजे जेमतेम 90 ग्रॅमचा जीव. पिसं कापली तरी वाऱ्याची झुळूक मिळाली की तरंगत लांब जातो. आमच्या शेजारच्यांचा कापलेला कॉकटील असाच गॅलरीतून सुटला आणि समोरच्या कडुलिंबाच्या खालच्या फांदीवर जाऊन बसला. वर गॅलरीतून त्याचीच माणसं हाका मारत होती, तोही शिट्ट्या घालून उत्तर देत होता, पण वर उडून यायची ताकद पंखांत नव्हती. खाली मांजर. शेवटी सोसायटीच्या माळ्याने शिडी लावून उतरवला.

शिवाय हे वय वळणं घेणं, वेग आवरणं, नीट उतरणं शिकायचं. तेव्हाच कापलं तर पक्षी दगडासारखा छातीवर आपटतो, छातीच्या हाडाला इजा होते, आणि काही पक्षी बुजरे होऊन स्वतःची पिसं उपटायला लागतात.

दुकानदाराकडून तर मुळीच नको. बरेच जण एकाच बाजूचा पंख छाटतात, म्हणजे पक्षी गरगरत पडतो. कापायचंच झालं तर दोन्ही बाजूंची सारखी, बाहेरची काही मोठी उड्डाणपिसं कापतात. त्यातही नवीन फुटणारं पीस ओळखता यावं लागतं: बुडाशी दांडी गडद निळसर, जाडसर, वर मेणचट आवरण. त्यात रक्त वाहत असतं, चुकून कापलं तर धार लागते. (तसं झालंच तर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरा आणि थेट डॉक्टर गाठा.) कापलेली पिसं गळून नवी यायला काही महिने जातात. नवी येतात तीही एकेकटी, शेजारी आधाराला पीस नसल्याने पटकन मोडतात.

कापावंच लागेल अशी घरंही असतात. ओटा हॉलमध्येच आहे, दिवसभर कढई तापलेली, लहान मुलं दारं उघडी टाकतात, पक्षी कुठे वेगळा ठेवायची सोय नाही. तिथे पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडून थोडं कापून घेतलं तर मी नावं ठेवणार नाही. तुमचं घर तसं वाटत नाही.

तुमच्याकडे खरा धोका पंख्याचा. पक्षी बाहेर असेल तेव्हा पंखा बंद आणि बटणावर चिकटपट्टी, कारण पाहुणे सवयीने दाबतातच. खिडक्यांना धातूची जाळी लावा, नायलॉनची मच्छरजाळी कॉकटील चोचीने कुरतडतो. मोठ्या काचांवर काही दिवस कागद चिकटवा, म्हणजे तो धडकणार नाही. आणि बोलावल्यावर हातावर यायला शिकवा. जेवणाच्या आधी, थोडी भूक असताना, राळ्याचं कणीस हातात धरायचं, आधी वीतभर अंतरावरून, मग खुर्चीवरून, मग खोलीच्या त्या टोकावरून. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात.

14 आणि 15 जानेवारीला मात्र त्याला पिंजऱ्याबाहेर काढूच नका. त्या दोन दिवसांत आपल्याकडे कुठल्या घराचं दार बंद राहतं? कोणी फिरकी घेऊन गच्चीवर, कोणी उंधियूचं पातेलं घेऊन वर, 'काइपो छे'च्या (पतंग 'कापला रे'च्या) आरोळीत कडी कोण लावणार! सुटलाच तर मांजा आहेच, त्यापुढे कापलेला काय न् न कापलेला काय. पिंजरा आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवा आणि खोलीला बाहेरून कुलूप घाला. रात्री फटाके वाजतात आणि कॉकटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात, म्हणून झिरोचा दिवा चालू राहू द्या. खोलीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला द्या, त्यांच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोणी पाहणार नाही.

ता. क. हे सगळं कॉकटीलपुरतं. कोणी आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट पाळला असेल तर कापायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पाळायलाच बंदी आहे, वनखात्याला कळवून सोपवा.