तांदळाच्या डब्यामागचं पुस्तक

"ताई, माझी मुलगी दुसरीत आहे. गेल्या गणपतीत चाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर गेली, एक शब्द न बोलता रडत खाली आली. १ ऑगस्टला शाळेत टिळकांवर भाषण आहे. सभाधीटपणा यावा म्हणून भाषणाला घाबरणाऱ्या कासवाचं चित्रांचं पुस्तक आणलं. रोज रात्री वाचून दाखवते. परवा ते तांदळाच्या डब्यामागे लपवलेलं सापडलं. माझं काय चुकलं?" — एक आई, लालबाग

लालबागच्या आई,

पुस्तक चांगलंच असेल. तुम्ही ते कडू काढ्यासारखं रोज रात्री पाजलंत. कासवाच्या नावाखाली बोलणं आपल्यावरच चाललंय, हे तिला पहिल्या रात्रीच कळलं असणार.

अशा पुस्तकांत बहुतेक वेळा एक खोडी असते. एका पानावर कासव लटलट कापतंय आणि पान उलटलं की टाळ्यांचा कडकडाट! मधलं पान कुठे गेलं? तुमची लेक नेमकी त्याच पानावर अडकली होती. तिनं कधी आपणहून पुस्तक काढलं, तर त्या दोन पानांमध्ये एक कोरा कागद ठेवा. इथे कासवानं काय केलं असेल? पाणी प्यायलं? कवचात जाऊन परत आलं? तिला चित्र काढू दे. उत्तर सुचवू नका.

आणि भीती घालवायच्या मागे लागूच नका. छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हे मोठ्यांचंही होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. गांधीजी १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले. डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना, बसले खाली! फीचे ३० रुपयेही सोडले. आत्मचरित्रात त्यांनीच लिहून ठेवलंय. (तेव्हा कोणाच्या हातात मोबाईल नव्हता, हे त्यांचं नशीब. चाळीच्या ग्रुपवर तिचा तो रडतानाचा व्हिडिओ फिरत असेल, तर आजच काढून टाकायला सांगा.)

आता भाषण. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' ही घोकंपट्टी आधी बाद करा. एक शब्द निसटला की अख्खी गाडी घसरते. त्यापेक्षा रविवारी तिला क्रॉफर्ड मार्केटजवळ घेऊन जा आणि सरदारगृहाची इमारत बाहेरून दाखवा. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक तिथेच वारले. मग येऊन आजी मेथी निवडत असताना तिला सांगू दे, काय पाहिलं ते. स्वतःच्या तोंडची चार वाक्यं झाली की भाषण झालं. बाईंना भेटून विचारा, आधी वर्गातच बोलली तर चालेल का, शेजारी मैत्रीण उभी राहिली तर चालेल का. लेक नाहीच म्हणाली, तर या वर्षी राहू दे. टिळकांची जयंतीही असते, पुण्यतिथीही असते, संधींना काय तोटा!

मात्र घरात चुरुचुरु बोलणारी मुलगी शाळेत महिनोन्महिने कोणाशीच बोलत नसेल, तर ते नुसतं लाजणं नव्हे. मग मुलांच्या समुपदेशकाला दाखवाच.

पुस्तक आहे तिथेच, डब्यामागे राहू दे. तुम्हाला ते सापडलंय, हे तिला सांगू नका. तांदूळ काढताना हात जरा जपून घाला.