एनएफएल संघाच्या डॉक्टरांबरोबर रोटेशन: महिना कोणता मागावा?

प्रश्न: "पुतण्या अमेरिकेत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या वर्षी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) संघाच्या डॉक्टरांबरोबर महिनाभर रोटेशन, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, करायचं म्हणतो. कसं मिळतं आणि काय शिकून जावं?"

मिळण्याचे रस्ते दोन. लीगने २०२२ मध्ये यासाठी खास उपक्रम सुरू केला: हॉवर्ड, मेहारी, मोरहाउस आणि चार्ल्स ड्रू या चार कॉलेजांचे विद्यार्थी आणि आठ संघ. पुढे संघ आणि कॉलेजं दोन्ही वाढली. त्याचं कॉलेज त्यात आहे का, हे आधी डीनच्या ऑफिसात विचारू दे. नसेल तर संघाचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात बसतात, तिथलं स्पोर्ट्‌स मेडिसिनचं इलेक्टिव्ह (ऐच्छिक रोटेशन) व्हीएसएलओवरून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या रोटेशनसाठी अर्ज करायच्या वेबसाइटवरून, मागायचं. मात्र इलेक्टिव्ह मिळालं म्हणजे मैदानावर प्रवेश मिळाला असं नाही. ते कोऑर्डिनेटरकडून आधीच लेखी विचारून घ्यावं.

शक्य असेल तर ऑगस्टच मागावा. तेव्हा ट्रेनिंग कॅम्प चालू असतो, रोज सराव असतो, त्यामुळे स्नायू ताणणं, घोटा मुरगळणं, उन्हाचा त्रास हे सगळं बघायला मिळतं. शिवाय सप्टेंबरअखेर रेसिडेन्सीचे (पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाचे) आलेले अर्ज हॉस्पिटलं बघायला लागतात. ऑक्टोबरात रोटेशन केलं, तर शिफारसपत्र पहिल्या छाननीला पोचणारच नाही.

बहुतेक संघ-डॉक्टरांची स्वतःची प्रॅक्टिस असते. म्हणून महिन्याचा बराचसा वेळ ओपीडीत आणि ऑपरेशन थिएटरात जातो, आणि समोर खेळाडूंपेक्षा गुडघेदुखीचे आजोबाच जास्त येतात. त्याला कंटाळला तर पत्रही तसंच मिळेल. लॅकमन टेस्ट (गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट फाटलाय का, हे हाताने तपासणं) हाताला सरावाची हवी. दुखऱ्या गुडघ्याचे स्नायू आखडलेले असतील तर ती खोटी निगेटिव्ह येते. घोट्याचा एक्स-रे कधी काढायचा, त्याचे ऑटावा नियम तोंडपाठ हवेत.

डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्यासाठी (कन्कशन) स्कॅट-६ ही चाचणी वाचून जावी. ती नीट करायला किमान १०-१५ मिनिटं लागतात. साइडलाइनवर घाईत उरकली तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. उष्माघातात तापमान गुदद्वारातूनच मोजायचं, कारण काखेत किंवा तोंडात ते कमी दिसतं आणि फसवतं. आधी बर्फाच्या पाण्यात थंड करायचं, मग अँब्युलन्स. साधारण ३८.९ अंश सेल्सिअसला बाहेर काढायचं, नाहीतर शरीर गरजेपेक्षा थंड होतं.

सामन्याच्या दिवशी विद्यार्थ्याने फक्त बघायचं. किकऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) ६० मिनिटं आधी दोन्ही संघांचे वैद्यकीय लोक आणि पंच भेटतात. कोण वायुमार्ग सांभाळणार, अँब्युलन्स कुठे उभी आहे, हे तिथे ठरतं. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफेलो बिल्स संघाचा खेळाडू डामार हॅमलिन याचं हृदय मैदानावर थांबलं, तेव्हा ही तयारी कामी आली. ही बैठक चुकवू नये.

सगळ्यात जास्त अडचण मात्र तोंडामुळे होते. कोणाचा गुडघा सुजलाय हे मित्राला सहज सांगितलं, तरी ती सट्टेबाजांच्या कामाची आतली बातमी ठरते, शिवाय रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग होतो. खेळाडूबरोबर सेल्फी, सही, ट्रेनिंग रूममधला फोटो, यातलं काहीही नको. घरी काकांनी विचारलं तरीही!