ड्रग्जला फाशी हवी का? सिंगापूरमधल्या मुलाशी वाद झालेल्या आईचा प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षं सिंगापूरला आयटीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, इथे ड्रग्ज विकणाऱ्याला फाशी देतात म्हणून मुली रात्री बाराला पण बिनधास्त फिरतात, आपल्याकडे पण असंच पाहिजे. माझ्या भावाचं आयुष्य ब्राऊन शुगरने संपवलं त्यामुळे मला आधी पटलंच, पण मग तिकडे लोक फाशीविरुद्ध आंदोलन का करतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. ज्या घरात हे झालंय त्या घराचा राग मी चुकीचा म्हणणारच नाही. पण फाशी नेमकी कोणाला होते ते बघा.

सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी सिद्ध झाली की कायद्यात शिक्षा एकच, फाशी, हेरॉइनसाठी तर १९७५ पासून. सरकारचं म्हणणं सरळ आहे, की भीतीमुळे तस्कर कमी माल आणतात, देश सुरक्षित राहतो आणि लोकांचाही पाठिंबा आहे. २०१३ पासून थोडी सूट आली, म्हणजे नुसता माल पोचवणारा असेल आणि त्याने पोलिसांना ठोस मदत केली असं सरकारी वकिलाने सर्टिफिकेट दिलं, तर जज जन्मठेप आणि फटके देऊ शकतो. मला हेच खटकतं, सर्टिफिकेट द्यायचं की नाही ते सरकारी वकील ठरवणार, जज नाही. आणि जो सगळ्यात खालचा माणूस आहे त्याला वरच्यांची नावं माहीतच नसतात, तो मदत करणार तरी काय?

नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियाचा तमिळ मुलगा, २००९ मध्ये मांडीला ४२.७२ ग्रॅम हेरॉइन बांधून येताना पकडला गेला, तेव्हा वय २१. कोर्टात त्याचा आयक्यू ६९, म्हणजे सरासरीपेक्षा खूपच कमी, असल्याचं समोर आलं, तरी माफी नाही. एप्रिल २०२२ मध्ये फाशीच्या आदल्या दिवशी त्याच्या आईचा शेवटचा अर्ज फेटाळला, तेव्हा काचेच्या फटीतून हात घालून घरच्यांनी त्याचे हात घट्ट धरले आणि तो ‘मा, मा’ म्हणून रडत होता, ते सगळ्या कोर्टरूमला ऐकू गेलं. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी सिंगापूरच्याच तंगराजू सुप्पैयाला १०१७.९ ग्रॅम गांजाच्या केसमध्ये फाशी झाली. माल त्याच्या हातात कधी सापडलाच नव्हता, दोन फोन नंबरवरून त्याचा संबंध जोडला होता. फाशीविरुद्ध काम करणारी तिथली संस्था ट्रान्सफॉर्मेटिव्ह जस्टिस कलेक्टिव्ह, पत्रकार कर्स्टन हान ही मंडळी अशाच घरांसोबत उभी राहतात, फाशीच्या आधी कैद्याला साधे कपडे घालून फोटो काढू देतात तर ते कपडे घरच्यांनाच आणून द्यावे लागतात, अशा गोष्टी ही माणसं लोकांसमोर मांडतात. या संस्थेला सरकारने तिकडच्या फेक न्यूजच्या कायद्याखाली नोटिसाही दिल्या, तरी काम थांबलेलं नाही. शेजारच्या मलेशियाने मात्र २०२३ मध्ये सक्तीची फाशी, म्हणजे जजला दुसरा पर्यायच नसलेली, काढून टाकली.

आता आपल्याकडचं, कारण तुमच्या मुलाला हे बहुतेक माहीत नसेल. आपल्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात १९८९ ला कलम ३१ए आलं, ठरावीक प्रमाणाच्या वर दुसऱ्यांदा गुन्हा झाला तर फाशीच, दुसरा पर्यायच नाही. मुंबईच्या स्पेशल कोर्टाने एका काश्मिरी माणसाला चरसच्या केसमध्ये तशी फाशी सुनावलीही होती. पण जून २०११ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाने सांगितलं की सक्तीची फाशी घटनेच्या कलम २१ च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या, विरुद्ध आहे, काय शिक्षा द्यायची ते जजने माणूस आणि केस बघून ठरवावं. २०१४ ला संसदेनेही कायदा तसा बदलला. फाशी अजून पुस्तकात आहेच, पण सक्तीची नाही. मला तीही नको, पण तेवढं झालं ते मोठं काम होतं.

आणि ताई, तुमच्या भावाला ज्याने पुडी विकली तोही बहुधा स्वतः नशा करणारा असणार, गल्लीत असंच असतं. त्याला लटकवून भावाला उपचार मिळाले असते का?

मुलाला मात्र एक नक्की सांगा, कुणाचंही पार्सल, अगदी मित्राचं ‘आईने पाठवलेला चिवडा’ असलं तरी, उघडून बघितल्याशिवाय बॅगेत घ्यायचं नाही. तिकडच्या कायद्यात माल तुमच्याकडे सापडला की तुम्हाला माहीत होतं असंच धरतात, माहीत नव्हतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.