वाचक विचारतात : उदयपूरचे दोन दिवस

प्रश्न : डिसेंबरात दोन दिवस उदयपूरला जातोय. सोबत आई-वडील, दोघांनाही गुडघेदुखी. सिटी पॅलेस, तळ्यात नावेची फेरी, टेकडीवरचा सज्जनगड महाल आणि कुंभलगड किल्ला एवढं बसेल का?

उत्तर : कुंभलगड सोडा, बाकीचं बसेल. कुंभलगड शहरापासून साधारण ८५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच तास नुसते गाडीत. शिवाय वाहनतळापासून किल्ल्याच्या माथ्यावरच्या बादल महालापर्यंतची वाट चांगलीच खडी आहे. गुडघे धड असले तरी तिथे दम लागतो.

शहरातला क्रम उन्हाच्या दिशेने ठरवा. सिटी पॅलेस पिछोला तळ्याच्या पूर्व काठावर आहे, त्यामुळे त्याची पाण्याकडची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी. सकाळी ती सावलीत असते आणि दुपारनंतर उजळते. म्हणून सकाळी महाल आतून पाहा आणि उतरत्या उन्हात नावेत बसा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मग फोटोत महाल काळपट येतो आणि दुपारी आत खेटाखेट होते.

महाल एका दमात बांधलेला नाही. १६व्या शतकात उदयसिंहांनी सुरुवात केली आणि पुढच्या राजांनी भर घातली. त्यामुळे आत अरुंद बोळ, ठेंगणी दारं, उंच पायऱ्या. एका वेळी एकच माणूस जाईल अशा जागा बऱ्याच, आणि मार्ग एकेरी, मध्येच मागे फिरणं अवघड. आई-वडिलांना जमेल की नाही हे महालासमोरच्या माणेक चौकातच ठरवा; तो मोकळा आणि सपाट आहे. वर गेलात तर बाडी महालातली झाडं पाहून चकित व्हाल. गच्चीवर माती टाकून केलेली ही बाग नव्हे, तो टेकडीचा माथाच आहे. महाल तिच्याभोवती चढत गेला. मोर चौकातल्या काचकामाच्या मोरांपाशी गर्दी तुंबते, तेव्हा दार उघडल्या उघडल्या आत शिरलेलं बरं.

जगदीश मंदिराला (१६५१) ३२ उभ्या पायऱ्या आहेत. ज्यांना झेपणार नाहीत त्यांनी खालच्या चौकातून शिखर पाहावं. संध्याकाळी बागोर की हवेलीत सात वाजता लोकनृत्यांचा कार्यक्रम असतो. तिकिटासाठी आधी पोचा. बरीचशी बैठक जमिनीवर असते, म्हणून खुर्च्या कुठे आहेत ते आत जाताच बघून ठेवा.

सूर्यास्त डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास. पहिल्या दिवशी तो नावेतून पाहा, दुसऱ्या दिवशी सज्जनगडावरून. एकाच संध्याकाळी दोन्ही होत नाही. सज्जनगडाला रिक्षा वरपर्यंत जात नाही, पायथ्याच्या फाटकावरून जीप घ्यावी लागते. तिथे रांग लागते, त्यामुळे सूर्यास्ताच्या दीड तास आधी फाटकावर असा. स्वेटर सोबत घ्या, वर वारा बोचतो.

दुसरी सकाळ मोकळी राहते. एकलिंगजीचं शिवमंदिर २२ किलोमीटरवर आहे, त्याच वाटेवर नागदा गावातली जुनी सास-बहू मंदिरं. एकलिंगजीचं दार दुपारी बंद असतं, तेव्हा दर्शनाची वेळ आदल्या रात्री विचारून घ्या.

प्रश्न : तळ्यातला पांढरा महाल आत जाऊन बघता येतो का?

उत्तर : तो जगनिवास, १८व्या शतकातला, आता तिथे हॉटेल आहे आणि नुसतं बघायला आत सोडत नाहीत. नाव जवळून जाते, तेवढ्यावर समाधान माना. उतरायचं असेल तर दक्षिणेकडच्या जगमंदिरावर उतरा. जहांगीराविरुद्ध बंड केलेला शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, इथे आसऱ्याला होता. नाव सिटी पॅलेसच्या आवारातल्या रामेश्वर घाटावरून सुटते. सूर्यास्ताच्या फेरीचं तिकीट महाग असतं. दूध तलाईच्या बाजूनेही नावा मिळतात, पण तिकीट काढण्याआधी ती जगमंदिरावर थांबते का ते विचारा.

प्रश्न : मे महिन्यात तळ्यात पाणी असतं का?

उत्तर : आदल्या पावसाळ्यावर अवलंबून. पिछोला नैसर्गिक नाही, १४व्या शतकात बांध घालून केलेलं तळं आहे, आणि भर पावसाचीच. पाऊस हुकलेल्या वर्षी उन्हाळ्यात तळ उघडा पडतो आणि नावा काठालाच राहतात. सप्टेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ.

प्रश्न : राहायला कुठली बाजू बरी?

उत्तर : महालाच्याच काठावरच्या लाल घाटाकडून जगदीश मंदिर आणि महाल चालत जवळ, पण गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की गाडी दारापर्यंत येईलच असं नाही. समोरच्या काठावरच्या हनुमान घाटावरून सबंध महाल दिसतो, आणि दाईजीच्या पादचारी पुलावरून अलीकडे येता येतं. जुन्या हवेल्यांत लिफ्ट क्वचितच असते, तेव्हा खोली तळमजल्यावरचीच मागा.