‘विंडो’पासून सुरुवात करा

तुम्हाला व्युत्पत्तीचा, म्हणजे शब्द कुठून आले हे शोधण्याचा नाद लागलाय, हे तुमच्या पत्रात वाचून खरंच आनंद झाला. एकच सांगतो: आजच्या उच्चारावर भुलू नका. शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप आधी शोधा.

‘विंडो’च घ्या. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांच्या भाषेतला, ‘विंदाउगा’. ‘विंद’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंगांकडून तो इंग्रजीत आला आणि तेराव्या शतकापासून लेखनात दिसतो. त्याआधी जुन्या इंग्रजीत खिडकीला ‘डोळ्याचं भोक’ अशा अर्थाचा शब्द होता. जर्मन भाषेने मात्र लॅटिनमधून ‘फेन्स्टर’ उचलला. डॅनिशमध्ये आजही ‘विंदुए’ आहे, तोही पडताळून बघा. असे शेजारी भाषांचे साक्षीदार फार कामाला येतात.

आता खिडकीसाठीचा आपला संस्कृत ‘गवाक्ष’ आठवला ना? बैलाचा डोळा. मलाही पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता. पण म्हणून ‘विंडो’ संस्कृतातून निघाला असं लिहू नका. ‘विंद’ आणि आपला ‘वात’ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय (संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांची समान पूर्वज भाषा) धातूतून, म्हणजे मूळ शब्दरूपातून आलेत, म्हणजे चुलत भावंडं. खिडकीत डोळा दिसणं मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेलं आहे.