उरलेला वॉलपेपर, गणपतीचं मखर आणि सासूबाईंचं संखेडा

या वेळी वॉलपेपरवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. बडोद्यात हल्ली नवीन फ्लॅट घेतला की एका भिंतीला वॉलपेपर हवाच, आणि मग उरलेली गुंडाळी वर्षानुवर्षं कपाटावर पडून.

प्रश्न : ताई नमस्कार, हॉलच्या एका भिंतीला वॉलपेपर लावला, लावणाऱ्या भाईंनी एक अख्खा रोल आणि दोन-अडीच फुटांचे चार-पाच तुकडे हातात दिले, म्हणाले ठेवा कामाला येतील. टाकवत नाही, पण करू काय? मोबाईलवर बघून डोकं फिरलं, कोणी जिन्याला लावतंय कोणी फ्रिजला.
*— एक वाचक, मांजलपूर*

उत्तर : तुकडे उरलेत म्हणजे भाईंनी लबाडी केली असं समजू नका. आपल्याकडचा नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब असतो, भिंत दहा फुटी धरली तर त्यात तीन पट्ट्या बसतात आणि वर तीनेक फूट उरतं, त्यात डिझाईन जुळवायला थोडं आणखी कापलं जातं, म्हणून प्रत्येक घरात तेच दोन-अडीच फुटांचे तुकडे.

अख्खा रोल सील न फोडलेला असेल तर आधी दुकानदाराला विचारा परत घेतो का. नाही म्हणाला तर दोन-तीन फूट कापून "रिपेअरचा" म्हणून वेगळा ठेवा आणि रोलवरचा बॅच नंबर फोटो काढून ठेवा, कारण त्याच डिझाईनचा दुसऱ्या बॅचचा रोल आणला तर शेड हमखास वेगळी दिसते. उद्या सोफा सरकवताना भिंतीवरचा पेपर फाटला तर तुकडा डिझाईन जुळवून फाटलेल्या जागेवर टेपने चिकटवायचा, धारदार कटरने दोन्ही थर एकदम चौकोनी कापायचे, खालचा खराब तुकडा काढून वरचा त्याच खड्ड्यात बसवायचा. जोड शोधूनही सापडत नाही बघा.

आता उरलेल्याचं काय ते पेपर कुठला आहे यावर. पाण्याचा थेंब टाका, घरंगळून गेला तर व्हिनाइल (वर प्लास्टिकचा थर असलेला), शोषून डाग पडला तर साधा कागदी. फाडायला गेल्यावर कापडासारखे तंतू निघून हाताला जोर लागला तर नॉन-वोव्हन. हे आधी बघा म्हणते कारण फ्रिजवर व्हिनाइल फेव्हिकॉलने लावायला गेलात तर तो दिवसेंदिवस ओलाच राहतो, फेव्हिकॉल वाळतो तो त्यातलं पाणी उडाल्यावर आणि पत्रा आणि प्लास्टिकच्या मधून ते पाणी जाणार कुठे? तिथे डबल टेप लावा, किंवा खरं सांगू का, फ्रिजला फ्रिजच राहू द्या.

माझ्या मते तुकड्यांची सगळ्यात छान जागा म्हणजे पुस्तकाच्या किंवा क्रोकरीच्या कपाटाची पाठ. मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर पेपर चिकटवा आणि तो आत नुसता टेकवून ठेवा, कंटाळा आला की काढता येतो. पण एकाच बाजूला कागद लावलात तर वाळताना पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो, त्यामुळे मागच्या बाजूलाही साधा ब्राऊन पेपर चिकटवा, बाइंडिंगवाले हेच करतात. कागदी पेपर असेल तर खळ लावून चार-पाच मिनिटं तसाच ठेवायचा, तो ओला झाला की फुगतो, फुगायच्या आधी चिकटवला तर नंतर फुगे येतात. नॉन-वोव्हन फुगत नाही, लगेच लावा. फुगे काढायला जुनं एटीएम कार्ड बेस्ट, मधून बाहेरच्या बाजूला फिरवत जायचं.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो, मालक काका भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. मैत्रिणीने तिचे उरलेले तीन वेगवेगळ्या डिझाईनचे तुकडे दिलेत, एकाशी एक जुळत नाहीत.
*— कारेलीबाग*

उत्तर : जुळत नाहीत तेच बरं. कधी आपल्या बडोद्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या, एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत भिंतीभर, चौकटीत चौकटी, कुठे कृष्णलीला कुठे लढाई, विषयाचा विषयाशी संबंध नाही पण चौकटीची पट्टी सारखी म्हणून सगळं एका घरचं वाटतं. तुम्हीही तेच करा. 3 एमएमच्या सनबोर्डचे (फोमची हलकी शीट) एकाच मापाचे तुकडे कापून घ्या, प्रत्येकावर वेगळा पेपर, पण चारही बाजूंनी एकाच रंगाची बोटभर पट्टी. सनबोर्ड इतका हलका की काढता येणाऱ्या चिकट पट्ट्यांवर राहतो, खिळा नको आणि काकांची कटकट नको. चुनखडी निघणाऱ्या भिंतीवर मात्र या पट्ट्या टिकणार नाहीत, तिथे टेबलावर उभं करून भिंतीला टेकवा.

प्रश्न : गणपतीला या वर्षी थर्माकोल नको असं घरात ठरलंय. सोनेरी बुट्टीचा व्हिनाइल पेपर उरलाय, साधारण दहा फूट. मखर होईल का?
*— दांडिया बाजार*

उत्तर : मखर अख्खं नाही पण मागचा पडदा फर्स्ट क्लास होईल. चार फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद प्लाय किंवा जाड पुठ्ठा घ्या. साडेतीन फूट म्हणजे 42 इंच, म्हणजे बरोब्बर दोन पट्ट्या, आणि इथेच सगळे फसतात, दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की जोड येतो नेमका बाप्पाच्या मुकुटामागे. त्यापेक्षा एक अख्खी पट्टी मध्यभागी लावा आणि दुसरी उभी चिरून साडेदहा-साडेदहा इंच दोन्ही बाजूंना. चिरलेली कड बाहेर ठेवा, कंपनीची सरळ कड आत जोडाला, डिझाईनही तशीच पुढे जुळते. दोन पट्ट्यांना आठ फूट गेले, उरलेले दोन फूट चौरंगाच्या कडेला लावा.

सोनेरीवर समोरून फोकस मारू नका, फोटोत नुसता पांढरा धब्बा येतो, एलईडी माळ मागून कडेने फिरवा. समई पडद्यापासून चांगली लांब पुढे ठेवा, व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकच, आणि आरतीचं ताट फिरवायला पोरं किती पुढे येतात तुम्हाला माहीतच आहे. पडदा विसर्जनाला न्यायचा नाही हे सांगायला नको, पुढच्या वर्षी परत वापरा.

प्रश्न : किचनच्या ड्रॉवरमध्ये उरलेला पेपर मैद्याच्या खळीने चिकटवला तर चालेल का? आई पूर्वी तसंच करायची.
*— रावपुरा*

उत्तर : चिकटवूच नका, मापाने कापून नुसता अंथरा, पुसायला काढता येतो. मैद्याच्या खळीवर झुरळं आणि कसर दोघंही तुटून पडतात, जुने बाइंडर म्हणूनच खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, पण मोरचूद विषारी, स्वैपाकघरात त्याचं नावसुद्धा नको. आणि गॅसमागच्या भिंतीला उरलेला पेपर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या, तिथे टाइल्सच बऱ्या.

प्रश्न : सासूबाईंचा जुना संखेडा (संखेडा गावच्या लाखकामाचा) झोपाळा आणि दोन स्टूल आहेत, मरून-सोनेरी, आमच्या ग्रे इंटिरियरला अजिबात सूट होत नाहीत. वॉलपेपर लावून मॉडर्न लुक देता येईल का?
*— अलकापुरी*

उत्तर : देता येईल, पण देऊ नका हो. गुळगुळीत लाखेवर कागद धरत नाही म्हणून आधी पॉलिश पेपरने घासायला लागेल, आणि घासलंत की खरादीने (लाकूड कातणाऱ्या कारागिराने) सागावर घोटलेली लाख गेली ती गेलीच. संखेडा डभोईच्या पुढेच आहे, कुठे टवके उडाले असतील तर तिथल्या कारागिराला दाखवा. सूट करायचंच असेल तर झोपाळ्यामागच्या भिंतीवर ग्रे पेपरचा एक पॅनेल लावा, त्यावर मरून काय खुलतो बघा. सासूबाईंनी हा प्रश्न वाचला नसेल अशी आशा करते.

प्रश्न : 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं होतं, तेव्हापासून खालची दोन फूट भिंत खराब, पापुद्रे निघतात, पांढरी पूड पडते. उरलेल्या पेपरने झाकू का?
*— समा*

उत्तर : नाही. तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, भिंत अजून आतून ओली आहे. व्हिनाइलने झाकलंत तर ओल कोंडून मागे काळी बुरशी धरेल. खराब प्लास्टर काढून नवीन करा, पूर्ण वाळू द्या, मग फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडा टेपने बंद करून एक दिवस लावून ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

प्रश्न : सगळं करूनही बारीक कातरण उरतं ते पस्तीत (रद्दीत) जातं का?
*— फतेगंज*

उत्तर : साधं कागदी असेल तर पस्तीवाल्याला विचारून बघा, व्हिनाइलचं सुक्या कचऱ्यात. शेकोटीत किंवा होळीत मात्र अजिबात टाकू नका, व्हिनाइलमध्ये पीव्हीसी प्लास्टिक असतं, जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो आणि घशात जातो.